वेलांटी कोणत्या बाजूला? वाचनाने घडणारी नजर

'दिन' आणि 'दीन' हे शब्द शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात वेलांटी 'द'च्या डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. आकार जवळजवळ तोच, फक्त आरशात पाहिल्यासारखा उलटा. वाचता येणाऱ्याला हा फरक सहज दिसतो. तो दिसावा म्हणून त्याच्या मेंदूला लहानपणी एक जुनी आणि फार उपयोगी सवय मोडावी लागलेली असते.

कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तोच. वाघ डाव्या कुशीने दिसला काय किंवा उजव्या, धोका तेवढाच. निसर्गात बाजू उलटली म्हणून वस्तू बदलत नाही. त्यामुळे वस्तू ओळखणारा मेंदूचा भाग मूळ आकृती आणि तिची आरशातली प्रतिमा बऱ्याच अंशी एकच धरतो. हा गुण माकडांच्या मेंदूतही आढळतो. लिपी मात्र बाजूलाच अर्थ देते. म्हणून लिहायला शिकणारं मूल ३ च्या जागी ६ काढतं, कधी आख्खं अक्षरच उलटं लिहितं. यात डोळ्यांचा दोष नसतो आणि निष्काळजीपणा तर मुळीच नसतो.

ही सवय किती मोडते, हे लिपीवरही अवलंबून असतं. रोमन लिपीत b-d, p-q अशा आरशातल्या जोड्या आहेत. तमिळ लिपीत तशा जोड्या जवळपास नाहीत. प्रतिमा उलटी आहे की सुलटी हे ओळखण्याच्या चाचणीत फक्त तमिळ वाचणारे प्रौढ बरेचसे निरक्षरांसारखेच वागले. तमिळसोबत रोमन लिपीही येणाऱ्यांना तोच फरक चांगला ओळखता आला. म्हणजे केवळ साक्षर होणं पुरत नाही, लिपीने तो भेद मागावाही लागतो.

शिकवताना याचा थेट उपयोग होतो. पहिली आणि दुसरी वेलांटी, किंवा ३ आणि ६, एकाच दिवशी शेजारी मांडून सुरुवात करू नये. आधी एक पक्की होऊ द्यावी, मग दुसरी घ्यावी, आणि दोन्हींची तुलना त्यानंतरच करावी. बोटाने मोठा आकार गिरवावा, सुरुवात दर वेळी एकाच ठिकाणाहून करावी आणि गिरवतानाच उच्चार म्हणावा. नजरेच्या स्मृतीत बाजू सहज निसटते. हाताच्या हालचालीला मात्र दिशा असतेच. सात-आठ वर्षांपर्यंत अधूनमधून असं उलटं लिहिणं सामान्य आहे. त्यानंतरही ते राहिलं आणि वाचनही अडखळत असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. तरीही केवळ उलट्या अक्षरांवरून डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीचा, शिक्का मारणं चूक आहे. डिस्लेक्सियात बहुतेकदा मुख्य अडचण अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्याची असते.

पहिल्या वेलांटीची आणखी एक गंमत आहे. ती लिहिली जाते व्यंजनाच्या आधी, पण उच्चारली जाते नंतर. हिंदी वाचकांवरच्या प्रयोगांत अशी वेलांटी असलेले शब्द वाचायला किंचित जास्त वेळ लागतो, असं दिसलं आहे.

आता लक्षाकडे वळू. वाचताना डोळा ओळीवरून घसरत जात नाही, उड्या मारतो. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा आणि उडी २० ते ३५ मिलिसेकंदांची. उडीदरम्यान जवळपास काहीच टिपलं जात नाही. स्पष्ट दिसतो तो फक्त दोनेक अंशांचा भाग, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याच्या रुंदीएवढा. मग एका थांब्यात किती अक्षरं हाती लागतात? हे मोजायला संगणक नजरेचा माग ठेवतो आणि नजरेभोवतीची ठरावीक अक्षरं सोडून बाकी मजकूर झाकतो. ही खिडकी लहान करत गेलं की एका टप्प्यावर वाचनाचा वेग पडतो. इंग्रजी वाचकांची खिडकी डावीकडे तीन-चार अक्षरं आणि उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरं एवढी भरली. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या हिब्रूत ती डावीकडे झुकते. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसात तर लिपी बदलली की खिडकीची बाजूही बदलते! डोळे तेच, त्यांचा पडदाही तोच. झुकतं ते लक्ष, आणि ते झुकायला वाचनाने शिकवलेलं असतं.

याच ओळीतल्या एका अक्षरावर नजर रोखून, ती न हलवता, बाजूचे शब्द वाचून पाहा. दोन-तीन शब्दांपलीकडे अक्षरांची गर्दी होते. तिथे धूसरपणा असतोच, पण मुख्य अडथळा शेजाऱ्यांचा असतो. नजरेच्या केंद्रापासून अक्षर जितकं दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरं अक्षर आलं की ओळख बिघडते. म्हणून नवशिक्यांचा मजकूर ठसठशीत आणि सुटासुटा हवा. डिस्लेक्सिया असलेल्या इटालियन आणि फ्रेंच मुलांसाठी १४ पॉइंटच्या मजकुरात अक्षरांमध्ये अडीच पॉइंटची जादा जागा सोडल्यावर त्यांच्या चुका घटल्या आणि वेगही वाढला.

अक्षरं आणि शब्द ओळखण्यामागे डाव्या मेंदूच्या तळाशी, मागच्या बाजूला असलेला एक लहानसा पट्टा आहे. तो लिखित शब्दांना खास प्रतिसाद देतो आणि लिपी कोणतीही असो, जवळपास त्याच जागी सापडतो. २०१० साली ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांच्या अभ्यासात, वाचन जितकं सफाईदार तितका या पट्ट्याचा प्रतिसाद जोरकस आढळला; मोठेपणी शिकलेल्यांतही. त्याच अभ्यासात तिथला चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद थोडा कमी दिसला, आणि वाचन चेहऱ्यांची जागा बळकावतं अशी चर्चा सुरू झाली. पुढे २०१९ मध्ये लखनौजवळच्या खेड्यांतल्या देवनागरी वाचकांवरच्या अभ्यासात अशी घट आढळली नाही. त्यामुळे तो दावा छातीठोकपणे करू नये.

त्याच परिसरात निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवल्यावर घेतलेली मेंदूची चित्रं २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. बदल फक्त मेंदूच्या बाह्य थरात नव्हता. नजर कुठे वळवायची हे ठरवायला मदत करणारी खोलवरची केंद्रं, थॅलॅमस आणि मेंदूस्तंभातली, दृष्टीच्या बाह्य थराशी अधिक घट्ट ताळमेळाने काम करू लागली होती.