बांधलेला घोडा: निवांत आहे की हताश?

गंगापूर रोडवरच्या लॉन्सबाहेर लग्नाची घोडी खांबाला बांधलेली असते. डीजे दणाणतोय, फटाके फुटतायत आणि ती ढिम्म. मालक कौतुकाने सांगतो, "पोरं पोटाखालून गेली तरी हलत नाही हो!" ऐकणाऱ्याला वाटतं, किती गुणी जनावर! असेलही. पण जनावर न हलण्याची कारणं दोन असतात आणि लांबून दोन्ही सारखीच दिसतात.

निवांत घोडा मागचा एक पाय ढिला सोडतो, खुराचं टोक तेवढं टेकवतो आणि थोड्या वेळाने पाय बदलतो. घोड्याच्या पायांची ठेवणच अशी की सांधे अडकवून तो उभ्या-उभ्या डुलकी काढू शकतो. मान खाली, ओठ सैल. स्कूटर गेली की एक कान तिकडे वळतो आणि परत येतो. खांद्याला हात लावलात तर कातडी थरथरते, मान वळते, हाताचा वास घेतला जातो.

हताश घोड्याचीही मान खालीच असते, फसगत होते ती इथेच. त्याचे कान मात्र मागे किंवा बाजूला अडकल्यासारखे असतात, हनुवटी कडक आणि नाकपुड्या आवळलेल्या. डोळा उघडा, पण बघत काहीच नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली तरी मान झटकत नाही. हिरवा घास पुढे केला तर तोंड लावत नाही. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1967 मध्ये कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत: ज्यांना विजेचे झटके चुकवताच येत नव्हते, त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी पुढे वाट मोकळी असतानाही सुटायची धडपड केली नाही. सगळं करून थकलेलं जनावर असं गप्प होतं. दुखण्यातही चेहरा बराचसा असाच होतो, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावं. नाडीही पाहावी. जबड्याखालच्या कडेला बोटं ठेवली की ती लागते. विश्रांतीत मिनिटाला साधारण 28 ते 44 ठोके पडतात. उभा गप्प आणि नाडी साठीच्या घरात, तर तो शांत नाही.

फरक पडतो तो शिकवण्यात. शिंगरू जाड दोराने झाडाला बांधायचं आणि दमेपर्यंत झटापट करू द्यायची, ही जुनी रीत. मोहरकी, म्हणजे डोक्यात अडकवलेली दोरी, मानेमागे आवळली की घोडा उलट मागेच ओढतो, तो त्याचा स्वभाव. त्यात मानेला इजा होते. मोहरकी तुटली तर तोडता येते हे तो शिकतो, नाही तुटली तर हार मानतो.

मला पटते ती रीत सावकाशीची आहे. आधी हातात दोर धरून हलकासा ताण द्यावा आणि डोकं इंचभर पुढे आलं की तत्क्षणी सैल सोडावं. ते पक्कं झालं की दोर आडव्या बांबूला नुसता गुंडाळून टोक हातात ठेवावं. घाबरून मागे गेला तर दोर सरकतो, अडकत नाही. मग दावणीला एखाद्या मुरलेल्या घोड्याशेजारी, सुरुवातीला काही मिनिटंच बांधावं. पाय आपटत असताना सोडू नये, थांबला की सोडावं. दोर खांद्याच्या उंचीला किंवा थोडा वर आणि आखूड हवा, नाहीतर पाय अडकतो. गाठ सुरगाठच हवी, निरगाठ नाही. लगामाने तर कधीच बांधू नये, तोंड फाटतं.

येवल्याच्या बाजारात घोडं बघायला गेलात तर मालकाला ते सोडून दहा पावलं चालवायला आणि परत बांधायला सांगा. निवांत घोडा चालताना इकडेतिकडे बघतो, जागेवर आला की फुरफुरतो आणि पुन्हा पाय ढिला सोडतो.

आणि नीट शिकलेला झाला तरी त्याला उपाशी तासन्‌तास बांधून ठेवू नये. घोड्याच्या पोटात आम्ल सतत स्रवत असतं, चारा नसला की व्रण होतात. लांबचं लग्न असेल तर गवताची पेंढी बरोबर घ्यावी आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली नाही, झाडाखाली बांधावं.