दुधाचे पर्याय : लॅक्टोज असहिष्णुता असलेल्या बालकांसाठी

दुधातील लॅक्टोज (दुग्धशर्करा) न पचणाऱ्या लहान मुलाला नेहमीच्या दुधाऐवजी द्यावयाचे लॅक्टोजमुक्त दूध, खास दूध-पावडर, आंबवलेले दुग्धपदार्थ किंवा वनस्पतिजन्य पेये. लॅक्टोज हा ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांचा जोड रेणू असून लहान आतड्यातील रसांकुरांच्या (अस्तरावरील बारीक बोटांसारख्या उंचवट्यांच्या) टोकाशी असलेले लॅक्टेज हे एंझाइम तो तोडते. एंझाइम अपुरे पडले की न फुटलेली साखर पाणी ओढून घेत मोठ्या आतड्यात उतरते आणि तेथील जीवाणू ती आंबवतात. मग पोट गुबारते, शौच पातळ, फेसाळ, आंबूस वासाचे होते आणि त्यातील आम्लामुळे बाळाच्या गुदद्वाराभोवतीची त्वचा लालबुंद होते. दुधातील प्रथिने, स्निग्धांश व कॅल्शियम यांच्याशी या तक्रारीचा संबंध नाही. वगळायची असते ती साखर, दूध नव्हे. पर्यायांची परीक्षा याच निकषावर करावी लागते.

असहिष्णुतेचे चार प्रकार मानतात. जन्मजात प्रकारात पहिल्या काही स्तनपानांनंतरच पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. तो अत्यंत विरळ असून त्यातल्या त्यात फिनलंडमध्ये आढळतो. तेथेही सुमारे 60,000 जन्मांमागे एक इतकेच त्याचे प्रमाण आहे. अपुऱ्या दिवसांच्या, विशेषतः 34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकांत लॅक्टेज कमी असते, ते पुढे वाढते. तिसरा, दुय्यम प्रकार लहान वयात सर्वाधिक दिसतो. अतिसारात रसांकुरांची टोके झिजतात व त्यांबरोबर एंझाइमही जाते. अस्तर भरून आले की काही आठवड्यांत मूल पूर्ववत दूध पिऊ लागते. चौथा, प्राथमिक प्रकार वयानुसार येतो, पण साधारण पाच वर्षांच्या आत क्वचितच जाणवतो. दोन वर्षांच्या मुलाला ‘आयुष्यभर दूध बंद’ असे सांगितले जाते तेव्हा बहुधा दुय्यम प्रकाराची गल्लत प्राथमिकाशी झालेली असते.

प्राथमिक प्रकाराला विकार म्हणावे का, हाच मुळात वाद आहे. अंगावरचे दूध सुटल्यावर लॅक्टेज ओसरणे हा सस्तन प्राण्यांचा सर्वसाधारण नियम असून जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांना तो लागू पडतो. अपवाद आहे तो एंझाइम टिकून राहण्याचा. 2002 मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी दुसऱ्या गुणसूत्रावर, लॅक्टेजच्या जनुकापासून सुमारे 14,000 आधारक-जोड्या (डीएनएच्या साखळीतील घटकांच्या जोड्या) अलीकडे, एमसीएम6 या शेजारच्या जनुकात त्यास कारणीभूत बदल दाखवला. 2007 मध्ये पूर्व आफ्रिकेतील पशुपालकांत वेगळेच बदल सापडले. म्हणजे हा गुण एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवला. तो का पसरला याविषयी मतभेद आहेत. भूगोलज्ञ सिमून्स यांनी पशुपालन व दूध पिण्याच्या चालीला महत्त्व दिले, तर 1973 मध्ये फ्लाट्झ व रॉटहाउवे या संशोधकांनी कमी सूर्यप्रकाशाच्या उत्तरेकडील प्रदेशांत कॅल्शियम शोषणाला मिळणाऱ्या मदतीवर भर दिला. मात्र मातीच्या भांड्यांतील दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा इ.स.पू. सातव्या सहस्रकापर्यंत मागे जातात, तर यूरोपात हा जनुकीय बदल इ.स.पू. 4700 च्या सुमारास प्रथम दिसतो आणि इ.स.पू. 1000 च्या आसपासपर्यंत तुरळकच राहतो. लोक हजारो वर्षे फारसे न पचवताही दूध पीत होते, असा याचा अर्थ होतो. दुष्काळ व रोगराईच्या काळात अशा दुधाने होणारे जुलाब जिवावर बेतत आणि तेव्हाच निवड तीव्र होई, हे 2022 मध्ये मांडलेले स्पष्टीकरण या कालांतराशी अधिक जुळते.

पहिल्या वर्षात पर्यायाचा प्रश्न मुख्यतः वरच्या दुधापुरता असतो. आईच्या दुधात लॅक्टोज सुमारे 7 टक्के, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळजवळ दीडपट असते आणि ते आईच्या आहारावर अवलंबून नसते. आईने दूध सोडल्याने ते घटत नाही. साध्या अतिसारात स्तनपान चालूच ठेवतात. ते थांबवावे लागते ते जन्मजात लॅक्टेज-अभावात आणि गॅलॅक्टोसीमियात (शरीराला गॅलॅक्टोज वापरता न येण्याच्या जन्मजात विकारात). वरच्या दुधावरील बाळासाठी लॅक्टोजमुक्त पावडर असते. तीत प्रथिने गाईच्या दुधाचीच, पण साखरेच्या जागी माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेले कर्बोदक) किंवा मक्याच्या पाकाचे घनांश असतात. सोया-पावडरीचा बालकांसाठी वापर अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ रूरा यांनी 1909 मध्ये नोंदवला. आजच्या पावडरीत मेथायोनीन हे ॲमिनो आम्ल मुद्दाम घालतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ती देत नाहीत. वनस्पतिजन्य साधी पेये एक वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नयेत.

एक वर्षानंतरचा सर्वांत सरळ पर्याय म्हणजे लॅक्टोजमुक्त दूध. ते दूधच असते. लॅक्टेज मिसळून त्यातील लॅक्टोज आधीच फोडलेले असते. लॅक्टोजची गोडी उसाच्या साखरेच्या सुमारे एक-पंचमांश, फुटून निघालेल्या ग्लुकोजची बरीच अधिक. म्हणून वरून काही न घालताही हे दूध गोड लागते. आटवताना ते लवकर तपकिरी होते, कारण मोकळ्या शर्करा प्रथिनांशी झपाट्याने संयोग पावतात. घरीही दुधात लॅक्टेजचे थेंब घालून ते सुमारे एक दिवस थंड जागी ठेवता येते. गॅलॅक्टोसीमिया असलेल्या मुलाला मात्र हे दूध घातक, कारण गॅलॅक्टोज त्यात तसाच असतो. गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असेल तरी ते चालत नाही. या दोन तक्रारींची गल्लत फार होते. अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा शौचात रक्त दिसल्यास ॲलर्जीचा विचार आधी करावा.

शेळीचे दूध ‘हलके’ म्हणून सुचवले जाते. त्यात लॅक्टोज सुमारे 4.4 टक्के, म्हणजे गाईच्या दुधाहून किंचितच कमी असते. पर्याय म्हणून त्याचा उपयोग नाही. दही मात्र बऱ्याच मुलांना सोसते. विरजणातील जीवाणू काही लॅक्टोज आधीच खातात, आणि त्यांचे स्वतःचे लॅक्टेज आतड्यात पुढे काम करते. मुरवलेल्या कठीण चीजमध्ये लॅक्टोज नाममात्र उरते. प्राथमिक प्रकारातील मोठ्या मुलाला थोडे दूध जेवणासोबत विभागून दिल्यास अनेकदा पचते.

वनस्पतिजन्य पेयांत प्रथिनांच्या दृष्टीने दुधाच्या जवळ जाते ते सोयाचे, 100 मिलिलिटरमागे सुमारे 3 ग्रॅम. ओटच्या पेयात सुमारे 1, बदामाच्या अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, तांदळाच्या त्याहूनही कमी. तांदळाच्या पेयावर वाढवलेल्या मुलांत क्वाशिओर्कर (प्रथिनांच्या तीव्र कमतरतेचा रोग) झाल्याच्या नोंदी 2001 मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाल्या; शिवाय तांदळातील आर्सेनिकमुळे ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुलांना ते न देण्याचा सल्ला आहे. पेय घ्यायचेच तर कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घातलेले आणि बिनसाखरेचे घ्यावे. हे कॅल्शियम तळाशी साकळते. खोका न हलवता ओतला तर पेल्यात पांढरे पाणी येते आणि भुकटी खोक्याच्या तळाशी राहते. नारळाच्या पेयात प्रथिने जवळजवळ नसतात.

वेष्टनावरील ‘व्हे’, ‘मिल्क सॉलिड्स’ हे शब्द लॅक्टोजचेच द्योतक होत. औषधी गोळ्यांतही ते भरणद्रव्य म्हणून असते, पण मात्रा इतकी अल्प की बहुतेक मुलांना त्याचा त्रास होत नाही.