पार्श्वभूमी : मराठवाड्यातले ओस वाडे आणि माळवदाचा वाद

लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या ओस वाड्यात शिरले की पहिला प्रश्न पडतो तो खांबांचा. तीन-चार फूट जाडीची दगडी भिंत असताना तिला चिकटून लाकडी खांब कशाला? कारण वाड्यात दोन स्वतंत्र रचना आहेत. माळवदाचा, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताचा, भार खांब-तुळयांच्या खणांवर (दोन खांबांमधल्या गाळ्यांवर) असतो. भिंतीचे काम ऊन आणि दरोडेखोर अडवण्याचे. हे ध्यानात न घेतल्यानेच १९९३ च्या भूकंपानंतरच्या दुरुस्तीत बहुतेक नुकसान झाले.

बाकीची कोडी सोपी आहेत. महाद्वाराच्या एका बाजूला भिंतीत दाराच्या रुंदीइतके खोल चौकोनी भोक आणि समोर जेमतेम वीतभर, ते अडसर सरकवण्यासाठी. भिंतीच्या आत दडलेला दोन फुटी जिना वरून झडप टाकली की बंद. ‘भुयार’ म्हणून दाखवतात ते बहुधा बळद (धान्याची बंद कोठी) किंवा पेव (जमिनीतला धान्याचा खड्डा) असते. पेवाचे तोंड उघडून पुरेशी हवा खेळल्याशिवाय आत उतरू नये. धान्य प्राणवायू खाते आणि कर्बवायू तळाशी साचतो.

वाडे ओस का पडले, याचे उत्तर महसुलात आहे. १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातली जहागिरी रद्द झाली, १९५० मध्ये कूळकायदा आला, १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा. वाड्याची डागडुजी ज्या उत्पन्नावर चालायची तेच आटले. वाटण्या झाल्या, चौकात आडव्या भिंती आल्या, दारे बुजवली गेली. आज जे दालन विनादार दिसते ते मुळात तसे नव्हते.

माळवदाला मात्र दरवर्षी हात लावावाच लागतो. तुळयांवर फळ्या, त्यावर पाला, त्यावर पांढरी माती. मृगाआधी भेगांवर नवा थर द्यायचा, उतार पन्हळीकडे ठेवायचा. जुना थर न खरवडता नवा टाकत गेल्याने जाडी वाढत जाते. दोन फूट माती म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास १ टन.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे गेली. दोष माळवदावर आला, आणि तो निराधार नव्हता. पण मारणारी मुख्य गोष्ट भिंत होती. आत-बाहेर दगडांचे दोन पदर, मध्ये माती आणि चिपा, दोन्ही पदर बांधणारा आरपार दगड नाही. हादऱ्याने पदर सुटले. जिथे खण धड होते तिथे भिंती ढासळूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे आहेत.

दुरुस्तीचा सल्ला तीन भागांचा होता : मातीची जाडी कमी करा, खांब-तुळईच्या सांध्यांना तिरके टेके द्या, भिंतीत आरपार बंध घाला. बंधासाठी दगड अलगद काढून दोन्ही पदरांपर्यंत भोक पाडायचे, वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. आडवे अंतर सुमारे १.२ मीटर, उभे ०.६ मीटर. प्रत्यक्षात अनेकांनी पहिलाच भाग उचलला, तोही टोकाला नेऊन. सगळी माती उतरवली आणि पत्रे ठोकले.

इथेच मतभेद आहेत. काहींच्या मते भीतीच्या त्या दिवसांत याहून वेगळे शक्य नव्हते. ते मान्य करूनही परिणाम नजरेआड करता येत नाही. पत्र्याखाली भिंतीचा माथा उघडा राहिला, पावसाचे पाणी मधल्या मातीत उतरले, भिंतींना पोट आले. टेके नसलेले खण वरचे वजन जाताच सांध्यांत सैल झाले. वजन कमी करणे योग्यच होते. भिंत आणि खण तसेच सोडणे चूक होते.

बाधित ५२ गावे नव्या जागी गेली, जुन्या जागी ढिगारे राहिले. अलीकडे ओस वाड्यांतले नक्षीदार खांब सुटे विकले जातात. एक खांब काढला की दोन खणांची तुळई निराधार होते, म्हणून खरेदीदार तिथे विटांचा टेकू देऊन जातात. वाडा पाहताना असा टेकू दिसला तर त्या खणाखाली थांबू नये.