झिप फाइल उघडणे

झिप, आरएआर, सेव्हन-झेड अशा प्रकारांत आवळून बांधलेल्या फाइलमधून मूळ फाइली पुन्हा सुट्या करणे. बोलताना याला सरसकट ‘अनझिप करणे’ म्हणतात, मग गठ्ठा झिप प्रकारचा असो वा नसो. घरच्या संगणकावर या कामासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. फाइल उघडली नाही, तर कारण बहुधा अर्धवट उतरलेली फाइल, जुने साधन किंवा चुकीचा पासवर्ड यांपैकी एक असते.

आवळण्याचे तत्त्व सोपे आहे. मजकुरात एखादा तुकडा पुन्हा आला, तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा, तिथून इतकी अक्षरे उचल’ एवढीच खूण ठेवायची. ही पद्धत अब्राहम लेम्पेल व जेकब झिव्ह यांनी १९७७ मध्ये मांडली. वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड आणि क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत देण्याची डेव्हिड हफमन यांची युक्ती १९५२ची. अमेरिकेतील फिल काट्झ यांनी १९८९ मध्ये झिप प्रकार आणला आणि पुढे या दोन्हींची सांगड घालणारी पद्धत त्यात वापरली. झिप फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर अगदी सुरुवातीला ‘पी’ आणि ‘के’ ही दोन रोमन अक्षरे दिसतात. ती काट्झ यांचीच आद्याक्षरे. वर्डची डॉकएक्स फाइल, ईपब पुस्तक आणि अँड्रॉइडचे एपीके यांच्याही सुरुवातीला तीच अक्षरे असतात, कारण आतून तेही झिपच आहेत. जेपेग फोटो आणि एमपी-फोर व्हिडिओ मुळातच आवळलेले असतात. त्यामुळे लग्नाच्या फोटोंचा ५०० एमबीचा फोल्डर झिप करूनही जवळपास तेवढाच राहतो. फायदा एवढाच की पाठवायला एकच फाइल होते.

विंडोजमध्ये झिप उघडण्याची सोय एक्सपीच्या काळापासून आहे. फाइलवर राइट क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ निवडावे, जागा सांगावी, झाले. नुसते डबल क्लिक केले की आतल्या फाइली फोल्डरसारख्या दिसतात आणि गठ्ठा सुटला असे वाटते. तो सुटलेला नसतो. अशा वेळी आतली सेटअप फाइल चालवली, तर संगणक तेवढी एकच फाइल तात्पुरत्या जागी काढतो आणि शेजारच्या फाइली न सापडल्याने सेटअप अडते. आतले वर्डचे पान तिथूनच उघडून दुरुस्त केले, तर बदल मूळ गठ्ठ्यात जात नाहीत. ‘काल सेव्ह केलेले आज गायब’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असते. आधी सोडवावे, मग काम करावे.

आरएआर हा रशियन प्रोग्रामर युजीन रोशाल यांनी १९९३ मध्ये आणलेला प्रकार. आरएआर फाइल तयार करण्याचा हक्क राखीव आहे, पण ती सोडवण्याचा कोड त्यांनी इतरांना वापरायला दिला आहे. म्हणूनच फुकट साधने आरएआर उघडतात, बनवत नाहीत. आरएआर बनवणारे मूळ सॉफ्टवेअर विनआरएआर, त्याची चाचणी मुदत ४० दिवसांची असते. नंतरही ते आठवण करून देत चालत राहते, मात्र परवान्याप्रमाणे तेव्हा ते विकत घ्यायला हवे. नुसते उघडायचे असेल तर या भानगडीत पडायचे कारण नाही, आणि ‘क्रॅक’ केलेली, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली, प्रत शोधणे तर शुद्ध वेडेपणा. विंडोज ११ मध्ये २०२३ पासूनच्या अपडेटांनी आरएआर, सेव्हन-झेड व टार (लिनक्सवर रुळलेला गठ्ठ्याचा प्रकार) उघडण्याची सोय आली आहे, पण पासवर्ड लावलेल्या अशा गठ्ठ्यांसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. मॅकवर झिप डबल क्लिकने सुटते, आरएआरसाठी ‘द अनआर्कायव्हर’ हे मोफत साधन आहे. लिनक्सवर झिप व टार गठ्ठ्यांसाठी ‘अनझिप’ व ‘टार’ या आज्ञा पुरतात.

विंडोजवर सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे सेव्हन-झिप. इगोर पाव्हलोव्ह यांनी ते १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. ते घरी आणि कार्यालयातही मोफत आहे आणि उतरवायला जेमतेम एक-दोन एमबीचे. बसवल्यावर फाइलवर राइट क्लिक करावे. विंडोज ११ मध्ये आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबावे लागू शकते. सेव्हन-झिपच्या यादीत ‘एक्स्ट्रॅक्ट हिअर’ आणि त्याखाली गठ्ठ्याच्या नावाचा फोल्डर करणारा ‘एक्स्ट्रॅक्ट टू’ असे पर्याय असतात. दुसराच निवडावा. पहिल्याने आतल्या दोनशे फाइली डेस्कटॉपभर विखुरल्या, की त्या वेचत बसावे लागते.

बिघाडांत पहिला क्रमांक अर्धवट उतरलेल्या फाइलीचा. झिपमधील फाइलींची यादी गठ्ठ्याच्या शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटले की सगळा गठ्ठाच अगम्य होतो आणि ‘अनएक्स्पेक्टेड एंड’ असा संदेश येतो. संकेतस्थळावर दिलेला आकार आणि आपल्याकडचा आकार ताडून पाहावा. झिप अवघी काही केबी निघाली, तर ती नोटपॅडमध्ये उघडावी; ‘पीके’ऐवजी ‘एचटीएमएल’ दिसले, तर फाइलीऐवजी लॉगिनचे किंवा चुकीचे पान उतरले आहे. ‘सीआरसी’ची चूक म्हणजे फाइल सोडवली, पण तिची पडताळणीची बेरीज जुळली नाही. झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्र आवळलेली असल्याने बाकीच्या बहुधा वाचतात. सेव्हन-झेडमध्ये अनेक फाइली सलग एकाच लडीत आवळलेल्या असतात, तिथे मधला एक बाइट बिघडला की पुढचे बरेच काही जाते.

आरएआरचा नवा उपप्रकार २०१३ मध्ये आला. सेव्हन-झिपची २०१० मधली ९.२० ही आवृत्ती पुढे पाच वर्षे अनेक संगणकांवर तशीच होती आणि तिला हा उपप्रकार कळत नाही. इथे आवृत्ती बदलणे हाच उपाय. भाग १, भाग २ अशा तुकड्यांत आलेला गठ्ठा असेल, तर सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवून फक्त पहिला उघडावा. पुढचे साधन स्वतः उचलते. तुकड्यांची नावे बदलू नयेत. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल फॅट-३२ प्रकारच्या पेनड्राइव्हवर सुटत नाही, जागा कितीही रिकामी असली तरी.

मराठी नावांची गंमत वेगळी. झिपमध्ये नावे यूटीएफ-८ या, सर्व लिपींची अक्षरे लिहिता येणाऱ्या, पद्धतीची आहेत असे सांगणारी खूण २००६ मध्ये नियमांत आली, पण काही साधने नाव तसे लिहूनही खूण लावत नाहीत. मग उघडणारे साधन ते नाव जुन्या अमेरिकी संकेताने वाचते. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचे आणि पहिले दोन बाइट जवळपास ठरलेले. त्यामुळे ‘मराठी’ऐवजी ग्रीक अल्फा, डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन आणि आणखी एखादे भलतेच चिन्ह, असे त्रिकूट पुन्हा पुन्हा दिसते. फाइलीतला मजकूर मात्र शाबूत असतो. नाव नव्याने दिले की काम भागते.

पासवर्डच्या झिपमध्ये आतल्या फाइलींची नावे दिसतात, मजकूर उघडत नाही. एईएस या अधिक भक्कम पद्धतीने कुलूप लावलेली झिप विंडोजच्या स्वतःच्या सोयीने उघडत नाही आणि चूक सांगणारा संदेशही गोंधळात टाकणारा येतो. सेव्हन-झिप ती उघडते. आधारची ऑफलाइन ई-केवायसी झिप उतरवताना जो ‘शेअर कोड’ आपण ठरवतो, तोच तिचा पासवर्ड असतो. ई-आधारच्या पीडीएफसाठी नावाची पहिली चार अक्षरे व जन्मसाल लागते, तो पासवर्ड इथे चालत नाही.

झिपमधून आलेली फाइल ‘बिल.पीडीएफ’ दिसली, तरी विंडोज नावाचा शेवटचा प्रत्यय (एक्स्टेन्शन) लपवते हे लक्षात ठेवावे. खरे नाव ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ असू शकते, म्हणजे ते बिल नसून प्रोग्राम असतो. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये प्रत्यय दाखवण्याचा पर्याय चालू ठेवावा. सेव्हन-झिप स्वतःहून अद्ययावत होत नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीला विंडोज सावधगिरीची जी खूण लावते, ती गठ्ठ्यातल्या गठ्ठ्यापर्यंत न पोचण्याचा दोष २४.०९ या आवृत्तीत दुरुस्त झाला, म्हणून त्याआधीची आवृत्ती ठेवू नये. ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये सेव्हन-झिपच्या पानावर ‘प्रोपगेट झोन आयडी’ पुढे ‘येस’ निवडले, तर ही खूण सुटलेल्या फाइलींवरही उमटते.