कर्णबधिरांसाठी व्यसनमुक्ती सेवा

दारू वा अन्य मादक पदार्थांचे व्यसन जडलेल्या कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तींना त्यांच्या स्वतःच्या भाषेत दिली जाणारी उपचारसेवा. तिची बांधणी प्रामुख्याने अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीसेक वर्षांत झाली. प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्या देशापुरते आहे.

या सेवेचा आरंभ दोन ठिकाणी दाखवता येतो. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७९ च्या सुमारास कर्णबधिरांसाठी व्यसनविषयक माहिती, प्रबोधन आणि समुपदेशन यांचे केंद्र निघाले. कालक्रमाने पाहता मान त्याचा. मात्र तेथे निवासी उपचार नव्हते. रुग्णाला दाखल करून घेऊन संपूर्ण उपचार खुणांच्या भाषेत करणारा कार्यक्रम मिनिॲपोलिस येथे फेअरव्ह्यू रुग्णालयसमूहात १९८९ मध्ये सुरू झाला आणि पुढील कार्यक्रमांना नमुना ठरला तो हाच. उपचारपद्धतीचा इतिहास म्हणून पाहिल्यास त्यालाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दोहोंमागची पार्श्वभूमी एकच आहे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रचना असल्याचे दाखवून दिले होते. सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वावरून भेदभाव करण्यास १९७३ च्या पुनर्वसन कायद्याने मनाई केली, आणि पुढे १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने ती खासगी दवाखान्यांपर्यंत नेली.

दुभाषा नेमला की काम भागते, हा समज व्यवहारात टिकत नाही. व्यसनमुक्तीतील बराचसा भाग गटात घडतो. चारजण एकाच वेळी बोलू लागले की दुभाषा मागे पडतो; कर्णबधिर सदस्याचा प्रश्न येईपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. चहाच्या वेळच्या आणि रात्री खोलीतल्या गप्पांना तर दुभाषा नसतोच, आणि अनुभवी समुपदेशक त्या गप्पांनाही उपचारच मानतात. दारू एकाएकी थांबवल्यावर हातांना कंप सुटतो. ज्याचे बोलणेच हातांनी होते त्याच्या बाबतीत हे लक्षण थेट संवादावर येते. सलाइनची सुई खुणा करण्याच्या मुख्य हाताला लावू नये, ही साधी सूचनाही म्हणूनच महत्त्वाची. नातेवाइकाला दुभाषा करणे तर टाळावेच : घरच्यांपासून लपवलेलेच येथे सांगायचे असते.

इंग्रजी ही अनेकांची दुसरी भाषा असल्याने छापील प्रश्नावल्यांचे निष्कर्ष बेभरवशाचे ठरतात. मिनिॲपोलिसच्या कार्यक्रमात लेखी गृहपाठाऐवजी रुग्णांना चित्रे काढण्यास आणि ती गटापुढे खुणांनी उलगडून सांगण्यास लावत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वयंसाहाय्य संघटनेच्या (स्थापना १९३५) बारा पायऱ्यांतील पहिल्या पायऱ्या अशा रीतीने हाताळल्या जात. व्यसनाच्या प्रमाणाबाबतचे जुने अंदाज सर्वसाधारण लोकसंख्येची टक्केवारी कर्णबधिरांना लावून काढलेले असल्याने त्यांवर फार भर देऊ नये.

वरील विवेचन जन्मतः वा बालपणापासून कर्णबधिर असलेल्यांना अधिक लागू पडते. प्रौढपणी श्रवणशक्ती गमावलेल्यांना बहुधा खुणा येत नाहीत. त्यांना पडद्यावर उमटणारा मजकूर उपयोगी पडतो. त्यांतील एक गट वैद्यकीयदृष्ट्या लक्षणीय आहे. हायड्रोकोडोन (अफूच्या वर्गातले औषध) व पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या वेदनाशामक गोळ्यांच्या दीर्घ अतिसेवनाने दोन्ही कानांची श्रवणशक्ती झपाट्याने गेल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. अशा रुग्णांत श्रवणयंत्राचा लाभ बहुधा होत नाही, कॉक्लियर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसवायच्या उपकरणाचा) होऊ शकतो. येथे बहिरेपण हे व्यसनाचेच फलित असते.

गोपनीयतेचा प्रश्न निराळाच आहे. कर्णबधिरांचे वर्तुळ लहान. रुग्ण, समुपदेशक आणि दुभाषा एकाच शाळेतले निघू शकतात. नाव उघड होण्याच्या धास्तीने उपचार लांबवले जातात. उपचारानंतरचा काळ त्याहून कठीण. मिनिॲपोलिसहून परतलेल्यांच्या पाठपुराव्यात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या गटांच्या मीटिंगला नियमित जाणे, व्यसनाबद्दल मोकळेपणाने बोलता येईल असा नातेवाईक वा मित्र असणे आणि हाताला काम असणे या गोष्टींचा संयम टिकण्याशी संबंध आढळला. गावी खुणांची मीटिंग नसेल तर पहिलीच गोष्ट अवघड होते. अलीकडे व्हिडिओवरून होणाऱ्या मीटिंगांनी ही उणीव काहीशी भरून काढली आहे.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला संवादाचे माध्यम म्हणून मान्यता दिली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था आपल्या कक्षेत घेतल्या आणि उपचारांत दिव्यांगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई केली.