चेहरा काचेवर, नाव गाडीवर

मराठी शाळांच्या भिंतींवर अब्राहम लिंकन भेटतो तो मुलाच्या हेडमास्तरांना पत्र लिहिणारा बाप म्हणून. वसंत बापटांनी ते पत्र देखण्या मराठीत आणलं खरं, पण लिंकनच्या पत्रव्यवहारात ते सापडत नाही. लोकांनी त्याला हवा तसा घडवून घेतला, आणि हे काम तो हयात असतानाच, त्याच्या संमतीने सुरू झालं होतं.

२७ फेब्रुवारी १८६०. कूपर युनियन या संस्थेतल्या भाषणासाठी न्यूयॉर्कला आलेला हा इलिनॉयचा वकील मॅथ्यू ब्रेडीच्या स्टुडिओत गेला. मान लांबलचक, गालफडं बसलेली. ब्रेडीने कॉलर वर ओढायला लावून मान झाकली. तो फोटो छापील चित्रांतून आणि प्रचाराच्या बिल्ल्यांवरून देशभर पोचला. आपल्याला अध्यक्ष केलं ते ब्रेडीने आणि त्या भाषणाने, असं पुढे लिंकन म्हणाल्याचं सांगतात. फोटोत दाढी नाही. ती ठेवायचा सल्ला त्याच ऑक्टोबरात ग्रेस बेडेल या ११ वर्षांच्या मुलीने पत्रातून दिला, आणि त्याने तो मानला. त्याच्या मृत्यूनंतर तर एका छापील चित्रात त्याचं डोकं चक्क जॉन कॅल्हूनच्या धडावर बसवलं गेलं. कॅल्हून म्हणजे गुलामगिरीचा कट्टर समर्थक! फोटोशॉपला उगाच नावं ठेवतो आपण.

सगळ्यांत खरा वाटतो तो अलेक्झांडर गार्डनरने ५ फेब्रुवारी १८६५ला काढलेला थकलेला चेहरा. निगेटिव्हची काच तडकली, तडा नेमका डोक्यावरून गेला, एकच प्रत निघाली. दहा आठवड्यांत वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये लिंकनला गोळी लागली.

सिनेमाने त्याला मूकपटांच्या काळापासून सोडलेलं नाही; २०१२मध्ये स्पीलबर्गच्या चित्रपटात डॅनियल डे-लुईसने तो इतका जिवंत साकारला की ऑस्कर मिळालं. शिल्पात डॅनियल चेस्टर फ्रेंचचा १९ फुटी संगमरवरी लिंकन १९२२च्या मे महिन्यात लोकांसमोर आला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत हेन्री फोर्डने लिंकन मोटर कंपनी ८० लाख डॉलरना विकत घेतली होती. ती काढणाऱ्या हेन्री लेलंडने आयुष्यातलं पहिलं मत १८६४ साली लिंकनला दिलं होतं. १९१७मध्ये विमानांची इंजिनं बनवायला कारखाना उभारला, तेव्हा त्याला तेच नाव दिलं. मोटारी नंतर आल्या. बोनेटवर मात्र लिंकनचा चेहरा नाही, चार टोकांचा तारा आहे.

१९६३मध्ये डॅलसला केनेडींना गोळ्या लागल्या त्या लिंकन गाडीतच. ती गाडी आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. फोर्ड्स थिएटरमध्ये लिंकन ज्या खुर्चीत बसला होता, ती खुर्चीही तिथेच ठेवली आहे.