तागा तपासणीला टाकताना मागाचा नंबर घाला
इचलकरंजीतल्या कारखानदार आणि खर्चीवाल्या (मजुरीवर कापड विणून देणाऱ्या) ग्राहकांसाठी

कापड तपासणीचा आमचा रिपोर्ट हातात पडला की रोज एक फोन येतो : "डिफेक्ट दाखवलात, पण हा तागा (कापडाचा गठ्ठा) कुठल्या मागावरचा?" तागा नंबराविना आला असेल तर आम्हालाही सांगता येत नाही. मग तुमचा जॉबर (माग दुरुस्त करणारा) एकेका मागापाशी जाऊन शोधत बसतो आणि तोवर तो माग तसाच खराब माल काढत राहतो. मिनिटाला 120 पिक (आडवे धागे) मारणारा साधा माग इंचाला 60 पिकांचं कापड तासाला साधारण 3 मीटर विणतो. मिनिटाला 600 पिक मारणारा एअरजेट माग तेच कापड तेवढ्याच वेळात 15 मीटर काढतो. एक पाळी शोधण्यात गेली तर किती कापड गेलं, ते तुम्हीच मांडा.

म्हणून प्रत्येक ताग्याच्या दोन्ही टोकांना तीन गोष्टी लिहा : मागाचा नंबर, बीमचा सायझिंग सेट (उभ्या धाग्यांना एकत्र खळ लावून भरलेल्या बीमांचा गट) आणि बाण्याच्या (आडव्या) सुताचा लॉट. चिठ्ठी बांधू नका, टेम्पोतून माल उतरवताना ती गळून पडते. कापडावरच लिहा, अगदी टोकाला, म्हणजे मीटर वाया जात नाही. आणि दोन मागांचे तुकडे शिवून एक तागा केला असेल तर शिवणीच्या दोन्ही बाजूंना ज्याचा त्याचा नंबर हवा.

सेट नंबर कशाला, असं बरेच जण विचारतात. समजा, ताण्यात (उभ्या धाग्यांत) एकच जाड तार आहे आणि तिची उभी रेघ ताग्याभर दिसते. तीन वेगवेगळ्या मागांच्या ताग्यांत ती किनारीपासून साधारण तेवढ्याच अंतरावर सापडली आणि तिन्ही बीम एकाच सेटचे निघाले, तर वार्पिंगला (ताणा तयार करताना) क्रीलवर, म्हणजे कोन लावायच्या चौकटीवर, चुकीच्या काउंटचा (सुताच्या जाडीचा) कोन चढलाय. तिथे माग खोलण्यात अर्थ नाही, सायझिंगवाल्यांशी बोला. आडव्या पट्टीचंही तसंच. ती ठराविक अंतराने येत असेल तर टेकअपचे (विणलेलं कापड पुढे ओढून गुंडाळणाऱ्या भागाचे) गिअर बघा. कांडी (बाण्याच्या सुताची नळी) बदलली की येते आणि पुढची कांडी लागली की जाते, असं असेल तर सुताचा लॉट मिसळलाय. हे सगळं आमचा चेकर सांगू शकतो, पण नंबर असले तरच.

"तुम्ही पॉइंट फार लावता" ही तक्रारही कानावर येते. आम्ही 4 पॉइंट पद्धत (दोषाच्या लांबीप्रमाणे पॉइंट लावायची) जशी आहे तशी वापरतो. 3 इंचांपर्यंतच्या दोषाला 1, 6 पर्यंत 2, 9 पर्यंत 3, त्यापुढे 4. भोक 1 इंचापर्यंत असेल तर 2, मोठं असेल तर 4. एका वारात कितीही दोष असले तरी 4 च्या वर पॉइंट लागत नाहीत. बरेच खरेदीदार 40 पॉइंटची मर्यादा ठेवतात, ती 100 चौरस वारांची असते, एका ताग्याची नव्हे. 120 वारांचा, 60 इंच पन्ह्याचा (रुंदीचा) तागा म्हणजे 200 चौरस वार. त्यात 40 पॉइंट आले तर हिशेब 20 चाच होतो, घाबरायचं कारण नाही. आम्ही हात सैल सोडला तर तोच माल खरेदीदाराकडून परत येईल आणि जाण्यायेण्याचं भाडं तुमच्या माथी बसेल.

मेंडिंग करायचं ते कोऱ्या मालावरच करून घ्या. सुटलेली तार सुईने भरणं, गाठी काढणं, तेलाचे डाग धुणं, सगळं प्रोसेसला (धुलाई-रंगाईला) जाण्याआधी. उष्णता लागली की तेलाचा डाग पक्का बसतो. रंगवलेल्या कापडात नवी तार भरली तर ती वेगळी उठून दिसते.

नंबर घातलेल्या मालाचा मागवार रिपोर्ट आम्ही त्याच संध्याकाळी दोषांच्या फोटोंसह व्हॉट्सअॅपवर पाठवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. बिननंबरी मालाला फक्त पॉइंटचा रिपोर्ट मिळेल. ताग्यावर मारायचे शिक्के आमच्याकडे तयार आहेत, दिवाणजींना पाठवा आणि घेऊन जा.